पाटी ते व्यासपीठ : रमाबाई रानडे

थर्ड इयर संपत आलं की आपल्या होस्टेलमध्ये एकच विषय असतो. कॅम्पस! ॲप्टिट्यूड निघून जातं, पण जी.डी. म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हिला काय टेन्शन? पण करकंबला गेल्यावर चार वडीलधाऱ्यांसमोर मराठीत बोलायची वेळ आली की माझाही घसा कोरडा पडतो. म्हणजे प्रश्न फक्त इंग्रजीचा नाही, आत्मविश्वासाचा आहे. म्हणून आज एका अशा मुलीबद्दल लिहिते, जिच्याकडे सुरुवातीला दोन्ही नव्हतं.

आमच्या गावची जुनी माणसं सांगतात की न्यायमूर्ती रानड्यांचं घराणं एके काळी करकंबचं. त्यांच्या पत्नी रमाबाई. माहेर देवराष्ट्रे, आडनाव कुर्लेकर, जन्म १८६२ चा. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा ३१ वर्षांचा, मोठा विद्वान! त्यांनी पाटी-पेन्सिल देऊन मुळाक्षरांपासून शिकवायला सुरुवात केली. घरातल्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं झालं. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि अभ्यासही सोडला नाही. मराठी झाल्यावर इंग्रजी सुरू केलं.

पुढे रानड्यांची बदली नाशिकला झाली. तिथल्या हायस्कूलच्या कार्यक्रमात रमाबाई प्रमुख पाहुण्या म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहिल्या. वय जेमतेम आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलींएवढं. ते पहिलं भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. सुरुवात लिहून दिलेल्या कागदाने झाली तरी चालते! नंतर पुण्यात, मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं. घरी आल्यावर कौतुक सोडाच, बोलणीच खावी लागली. पण १८८४ मध्ये हुजूरपागा शाळा सुरू झाली.

१९०१ मध्ये रानडे गेले. आता भाषण लिहून देणारं कोणी नव्हतं. तरीही १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, १९१० मध्ये स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटून त्या त्यांच्याशी बोलत. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता यातून आपण काय घ्यायचं? एक म्हणजे आत्मविश्वास जन्मतः येत नाही, तो सरावाने येतो. दुसरं, कोणीतरी पहिला कागद हातात द्यावा लागतो आणि मग हळूहळू बाजूला व्हावं लागतं. तिसरं, बोलायचं तर कशासाठी ते ठाऊक हवं. रमाबाईंना शाळा हवी होती, इम्प्रेशन मारायचं नव्हतं.

आपल्या घरी नववी-दहावीतला भाऊ किंवा बहीण असेलच. पाहुण्यांसमोर त्यांचं उत्तर आपण देऊन टाकतो, ‘तू गप्प बस’ म्हणतो. या सुट्टीत तेवढं टाळूया. त्यांना अडखळू दे, चुकू दे, पण वाक्य त्यांचं त्यांनाच पूर्ण करू दे. आणि हो, पुढच्या जी.डी.त पहिलं वाक्य आपण बोलायचं!