मांद्र्याचे भाऊ दाजी आणि कुष्ठाचे औषध

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे रामकृष्ण विठ्ठल लाड पुढे डॉ. भाऊ दाजी म्हणून विख्यात झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. अजिंठ्याचे शिलालेख त्यांनी वाचले, दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. परंतु वैद्य म्हणून त्यांचा खरा ध्यास कुष्ठरोगाचा. प्राचीन वैद्यकग्रंथ धुंडाळून त्यांनी खष्ट या देशी औषधीचा प्रयोग रुग्णांवर केला. रोगाचे कारण तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते, हे ध्यानी घेतले तर त्या धाडसाचे मोल कळते.

कुष्ठात नसांचा घात केवळ जंतू करीत नाही, शरीराचा स्वतःचा दाहही करतो, हे पुढे उमगले. त्या तीव्र दाहावर थॅलिडोमाइड चालते, कारण ते टीएनएफ या दाहक रेणूची निर्मिती घटवते. कोरोनाच्या गंभीर रुग्णांत इंटरल्युकिन-६ चा मार्ग रोखण्याचा उपायही याच जातीचा. औषधाने नेमके काय रोखावे, हे जाणण्याची सोय भाऊंना नव्हती. नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठाचा जंतू दिसला तो १८७३ साली. ३१ मे १८७४ रोजी भाऊ निवर्तले.