हात सोडून विमान उडवणारा लॉरेन्स

विमान म्हटलं की राइट बंधू आठवतात. पण मोठं विमान तासन् तास आपलं आपण सरळ कसं उडतं, असं विचारलं तर होस्टेलवर बरेच जण गप्प बसतील. मीही थिअरी ऑफ मशीन्सला जायरोस्कोपची सूत्रं पाठ केली, मार्क मिळवले. त्यामागचा माणूस मात्र मला नंतर कळला. लॉरेन्स स्पेरी!

जन्म २१ डिसेंबर १८९२, शिकागो. वडील एल्मर स्पेरी नावाजलेले संशोधक. त्यांनी १९१० मध्ये ब्रुकलिनला जायरोस्कोपची कंपनी काढली. त्यांचं लक्ष जहाजांकडे, तर पोराला वेड विमानांचं. त्या काळची विमानं भारी लहरी. वाऱ्याचा झोत आला की पंख कलायचा, नाक खाली जायचं. वैमानिकाला दांडी क्षणभर सोडायची सोय नव्हती.

लॉरेन्सने जायरोस्कोपच विमानात बसवला. भोवऱ्यासारखं वेगाने फिरणारं चाक आपली दिशा सोडत नाही. विमान कललं की चाक आणि विमान यांच्यात कोन पडतो. तो कोन ओळखून यंत्र पंखाच्या आणि शेपटीच्या फळ्या हलवतं, की विमान परत सरळ. कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला आपण ज्याला फीडबॅक म्हणतो, तो हाच!

१८ जून १९१४. पॅरिसजवळ सीन नदीवर विमान-सुरक्षेची स्पर्धा होती. लॉरेन्सने काठावरच्या लोकांसमोरून विमान नेलं आणि दोन्ही हात वर केले! मग त्याचा मेकॅनिक पंखावर चालत गेला. तोल जायला हवा होता, पण यंत्राने तो सावरला. बक्षीस ५०,००० फ्रँक. वय फक्त २१.

पुढे १३ डिसेंबर १९२३ ला आपल्या छोट्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडताना तो समुद्रात पडला. मृतदेह जानेवारीत सापडला. एकतिसावा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता.

यंत्र मात्र पुढे गेलं. १९३३ मध्ये वायली पोस्टने स्पेरी ऑटोपायलट घेऊन ७ दिवस १८ तास ४९ मिनिटांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत ऑटोपायलट बिघडला, तेव्हा खाली उतरून दुरुस्त करून घ्यावा लागला.

आणि दुरुस्तीला उतरताच येत नसेल तर? १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए-३३० अटलांटिकवर ३५,००० फुटांवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ अडकला, आकडे जुळेनात, म्हणून ऑटोपायलट ठरल्याप्रमाणे सुटला. विमान अचानक माणसांच्या हाती आलं. गोंधळात नाक वर ओढलं गेलं, पंखांची उचल गेली आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ जण गेले. नळ्या तर त्याआधीच पुन्हा नीट चालू लागल्या होत्या.

मला वाटतं, लॉरेन्सचे हात वर होते तेव्हाही त्याला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: यंत्र आत्ता काय करतंय, आणि ते थांबलं तर आपण काय करायचं. मित्रांनो, उद्या आपल्यातलेच काही जण अशी यंत्रं बनवतील. यंत्र कधी हात टेकणार, आणि टेकताना माणसाला काय सांगणार, हेही डिझाइनमध्येच धरायला हवं.