घर वगळून केलेला धर्मादाय

भंडारा जिल्ह्यात कीर्तनास गेलो की एखादे सधन यजमान आम्हांस विचारतातच, की वडिलांच्या नावे घरचा धर्मादाय ट्रस्ट करावयाचा आहे, तो कसा करावा? कागदाची रीत वकील सांगेल. आम्ही कीर्तनकार, आम्ही श्रीगाडगेबाबांचे चरित्र सांगतो.

बाबांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बाप दारूपायी लवकर गेला. मामाच्या घरी दापुऱ्यास गुरे राखण्यात बाळपण सरले. शाळा कसली ती नाहीच. १९०५ साली त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा नि गाडगे. दिवसा गाव झाडावा, रात्री कीर्तनात माणसांची मने झाडावीत, असा नेम पडला.

लोकांनी त्यांच्या शब्दावर द्रव्य दिले आणि पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीत अस्पृश्य म्हणून ज्या वारकऱ्यांस कोणी ओसरीही देत नसे, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. पुढे १९४९ साली तीही त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

आता खरी गोष्ट ऐका. एवढ्या मिळकती, पण विश्वस्तपत्रांत बाबांनी आपल्या नातलगांस हक्क ठेवला नाही. पत्नी कुंताबाईंनी दिवस कष्टातच काढले. एकुलता मुलगा गोविंदा १९२३ साली गेला. ती वार्ता खारेपाटणास कीर्तनात आली, तरी कीर्तन थांबले नाही. असे वैराग्य आपल्याला कुठले झेपायचे? आणि कुंताबाईंनी जे सोसले त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा, हे आम्हांसही उमगत नाही. पण त्यातला एक धडा संसारी माणसालाही घेता येतो.

केवळ आपल्याच माणसांच्या हितासाठी केलेला न्यास खाजगी. त्याला १८८२ चा कायदा. लोकांसाठी केलेला सार्वजनिक. त्याची नोंद १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होते. एकदा नोंद झाली की जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही, विश्वस्त बदलले तर कळवावे लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात. हे बंधन ज्याला जाच वाटते, त्याने अजून दान दिलेलेच नाही. वस्तू नुसती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, इतकेच.

तेव्हा यजमानहो, वडिलांचे नाव खुशाल द्या. पण विश्वस्तांत घराबाहेरची चार नेक माणसे घ्या, आणि घरच्या कोणाला त्यातून लाभ नाही, असे स्वच्छ लिहा. कागद करण्यापूर्वी तो मुलाबाळांना आणि विशेषतः घरच्या माउलीला वाचून दाखवा. त्यांच्या पोटापाण्याची सोय आधी वेगळी काढा, म्हणजे पुढे भांडण नको.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. वारसांत वाटायला मागे काही उरले नव्हते.

रामकृष्णहरी!