इन्सुलिनचे जनक डॉ. बँटिंग



मधल्या सुट्टीत मी सुईची पिशवी काढली की दोघी-तिघी डबा घेऊन सरकतात. एका मैत्रिणीच्या मायने तर तिला माझ्याजवळ बसू नको म्हणून बजावले होते. मला राग नाही. हा आजार काय असतो हे कोणी सांगितलेच नाही, तर कळणार काहून? गुरुजींनी थोर पुरुषाचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा ज्यांच्यामुळे मी जिवंत आहे त्यांचेच लिहायचे ठरवले.

फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडात ॲलिस्टन गावाजवळ झाला. वडील शेतकरी, आपल्यासारखेच. कॉलेजात पहिल्याच वर्षी ते नापास झाले, पण खचले नाहीत. पुढे डॉक्टर होऊन पहिल्या महायुद्धात गेले. १९१८ साली फ्रान्समध्ये त्यांच्या हाताला जखम झाली, तरी ते इतर जखमींवर उपचार करतच राहिले. युद्धानंतर दवाखाना टाकला, पण रोगी येईनात. पोटासाठी ते शिकवू लागले. तिथेच त्यांना स्वादुपिंडाचा ध्यास लागला.

आपल्या शरीरात अनेक ग्रंथी आहेत. काहींना नळी असते. लाळ तोंडात येते, घाम कातडीवर येतो, तो नळीतूनच. काहींना नळी नसते, त्यांचा रस सरळ रक्तात मिसळतो. गळ्यातील अवटू ग्रंथी आणि मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी या अशाच. जठरामागे आडवे असलेले स्वादुपिंड मात्र दोन्ही कामे करते. पाचक रस नळीतून आतड्यात सोडते आणि त्यातील बारीक पेशींचे पुंजके इन्सुलिन रक्तात सोडतात. इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. घरात ज्वारीची कोठी भरलेली, पण कुलपाची किल्ली हरवली, तर माणूस उपाशीच ना? तसेच हे.

स्वादुपिंड वाटून इन्सुलिन काढू पाहिले की पाचक रस त्याचा नाश करी. ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री दोन वाजता बँटिंग यांना युक्ती सुचली. नळी बांधून काही आठवडे थांबावे, म्हणजे पाचक रसाच्या पेशी वाळतील आणि पुंजके उरतील. टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांनी प्रयोगशाळा दिली. मे १९२१ मध्ये चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याला घेऊन काम सुरू झाले. प्रयोगांत किती तरी कुत्री मेली. ते वाचून मला वाईट वाटले. पण शेवटी रस सापडला. नंतर तो गुरांच्या स्वादुपिंडातून काढू लागले.

लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा मरणाला टेकला होता. वजन अवघे तीसेक किलो. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला पहिली सुई टोचली, पण रस अशुद्ध होता. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचले आणि साखर उतरली! तो मुलगा आणखी १३ वर्षे जगला.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा वाटा बेस्ट यांना दिला. शोधाचे हक्क त्यांनी व सोबत्यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

माझ्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशी मारल्या. गोड जास्त खाल्ले म्हणून हे झाले नाही आणि माझ्याजवळ बसून ते कोणाला होतही नाही. घरी फ्रीज नाही, म्हणून माय औषधाची बाटली ओल्या मडक्यात गार ठेवते. कधी मला घाम फुटला, हात थरथरले, मी भलतेच बोलू लागले, तर लगेच साखर किंवा गूळ द्या अन् गुरुजींना हाक मारा. बेशुद्ध पडले तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

१४ नोव्हेंबर हा बालदिन. बँटिंग यांच्या जन्माचा हाच दिवस जगात मधुमेह दिन म्हणून पाळतात. त्या थोर डॉक्टरांना माझे प्रणाम. आणि उद्या डबा माझ्याजवळ बसून खा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, भातकुली