मलिक अंबरची अमानत

मुरबाडहून नाणेघाट चढून गेलं की जुन्नर येतं. चारशे वर्षांपूर्वी काही काळ हे जुन्नर निजामशाहीची राजधानी होतं. तिथून कारभार पाहणारा वजीर मलिक अंबर एकेकाळी बाजारात विकला गेलेला गुलाम होता.

१५४८च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो गुलाम झाला. हात बदलत बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६००मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगर घेतलं, तेव्हा अंबरने निजामाच्या घराण्यातला वारस गादीवर बसवून राज्य सावरलं. स्वतः मात्र सुलतान झाला नाही.

बादशहा जहांगीर राजघराण्यात जन्मलेला. त्याला हा गुलाम सहन होत नव्हता. रणात अंबर हाती लागला नाही, तेव्हा त्याच्या तुटलेल्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत, असं चित्र बादशहाने अबुल हसनकडून काढून घेतलं. अल्लाहने न मागता दिलेलं तख्त आपलाच मोठेपणा वाटू लागलं, की माणूस असा चित्रात जिंकतो. कुरआनातला कारून खजिना आपल्या हुशारीने मिळाला म्हणत होता. तकब्बुर म्हणतात तो हाच.

अंबर फरिश्ता नव्हता. निजामाशी बिनसल्यावर त्याला संपवून त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवल्याचं इतिहासकार सांगतात. सत्तेची परीक्षा त्यालाही चुकली नाही. पण मिळालेल्या नेमतीचा शुक्र त्याने कामातून अदा केला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला. १६१०मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणलं. या नहर-ए-अंबरीचं पाणी पिणाऱ्याला धर्म विचारत नव्हतं.

१६२६मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगीरच्याच दरबारी इतिहासकाराने मग त्याची तारीफ लिहिली. दहा वर्षांनी, शहाजीराजांनी सांभाळलेली निजामशाही आपल्या शहापूरच्या माहुली गडावर संपली. राज्य गेलं, नहर मात्र त्यानंतरही शतकानुशतकं वाहत राहिली.

पाण्याचं मोल शहापूरकरांना सांगावं लागत नाही. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मगरिबच्या अजानला रोजेदार पाण्याचा पहिला घोट घेतो, तेव्हा तो घोट त्याने कमावलेला नसतो, त्याला दिलेला असतो. दिलेलं आपलंच मानलं की गर्व येतो. अमानत मानलं, की ते पुढच्या तहानलेल्यापर्यंत पोहोचवावंच लागतं.