प्रभातच्या दारातले उपोषण

मागे एकदा आमच्या ओळखीच्या वस्तीतला एक मुलगा भेटायला आला. हातात खिशात मावेल एवढी वही. गोरेगावकडे चाललेल्या एका मालिकेवर तो लाईटचे काम करीत होता. वहीत त्याने पाळ्या मांडून ठेवल्या होत्या. तारीख, किती वाजता गेला, किती वाजता सुटला. बारा तासांची पाळी सोळा तासांवर गेल्याच्या नोंदी होत्या. पैशांच्या रकान्यात मात्र पहिल्या पंधरवड्यानंतर काहीच नव्हते. ठेकेदार निर्मात्याकडे बोट दाखवतो, निर्माता वाहिनीकडे. तक्रार केली तर पुढचे काम जाईल, म्हणून मुलगा गप्प.

त्याची वही चाळताना आम्हाला शांता आपटे आठवल्या. जुन्या मंडळींना हे नाव गाण्यांमुळे ठाऊक असेल, नव्यांना बहुधा ठाऊकही नसेल. आपल्या दैनिकात एका ब्राह्मण घरातल्या नटीवर लिहिण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण एवढेच की, पडद्यावर जिचा चेहरा झळकत होता अशी ही बाई आपल्या हक्कासाठी मालकाच्या दारात उपाशी बसली, आणि तिचे ते बसणे आपल्या सिनेमाच्या इतिहासात नटीचा लहरीपणा म्हणून खपवले गेले.

शांताबाई सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या. वडील रेल्वेत नोकरीला, गाण्याचा नाद असलेले. मुलीचा गळा लहानपणीच ओळखला गेला आणि पंढरपुरात तिचे गाण्याचे शिक्षण झाले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये ती पडद्यावर आली. त्या काळी पार्श्वगायन रुळलेले नव्हते. जी दिसते तिनेच गायचे, तेही कॅमेऱ्यासमोर. म्हणजे एकाच मजुरीत दोन कामे. १९३४ च्या ‘अमृतमंथन’पासून त्या प्रभातच्या झाल्या. पुढे ‘अमरज्योती’, ‘राजपूत रमणी’, ‘वहाँ’, ‘गोपाळकृष्ण’ असे एकामागून एक चित्रपट आले.

पण शांताबाईंचे नाव कायमचे कोरले गेले ते १९३७ च्या ‘कुंकू’मुळे. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. मामाच्या घरी वाढलेली पोरकी नीरा, तिला फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. ती रडत बसत नाही. नवऱ्याला नवरा मानायला ती साफ नकार देते, आणि वाकड्या नजरेच्या सावत्र मुलाला छडीने झोडपते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. त्या शांततेत नीराचा नकार अधिकच ठसठशीत ऐकू येतो. १९३७ साली असे दाखवणे ही साधी गोष्ट नव्हती आणि त्याचे श्रेय शांतारामबापूंना व प्रभातला दिलेच पाहिजे. मात्र पडद्यावर बंड करणारी नायिका मालकांना चालते, तीच नायिका कचेरीत येऊन पगाराचा हिशेब मागू लागली की गोष्ट बदलते.

प्रभात म्हणजे काही चोरांचा अड्डा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. दामले आणि फत्तेलाल हे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीत घडलेले हाताचे कारागीर. शांताराम रेल्वेच्या कारखान्यात राबलेले आणि हुबळीच्या पत्र्याच्या थिएटरात दारावर उभे राहिलेले. धायबर आणि भांडवल घालणारे कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आणली. कालचे कामगार आज मालक झाले होते. शिस्त कडक, पगार महिन्याचा. नटनटी, सुतार, रंगारी, शिंपी सगळे एका हजेरीपटावर. आजच्या रोजंदारीपेक्षा हे पुष्कळ बरे होते. पण या व्यवस्थेला दुसरी बाजू होती. करार एकदा झाला की माणूस स्टुडिओचा. परवानगीवाचून बाहेर काम करायचे नाही, स्टुडिओने काम दिले नाही तर बसून राहायचे, आणि पगार कापला तर दाद मागायची ती त्याच मालकाकडे.

शांताबाईंचा खटका उडाला तो पगार आणि करार याच गोष्टींवरून. १९३९ च्या जुलैमध्ये त्या प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी उपोषण सुरू केले. जिच्या नावावर तिकिटे खपत होती ती बाई दरवानाच्या शेजारी उपाशी बसलेली. पुण्यात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी.

पुण्यातले उपोषण म्हटले की आमच्या लोकांना १९३२ चे येरवडा आठवते आणि मन कडू होते. शांताबाईंचे उपोषण त्या प्रकारचे नव्हते. दुसऱ्या कुणाचा हक्क सोडवून घेण्यासाठी नव्हे, स्वतःच्या श्रमाचा हिशेब मागण्यासाठी त्या बसल्या होत्या. आम्हाला ते अधिक जवळचे वाटते १९३८ च्या संपाला. उपोषणाच्या आठच महिने आधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्यात आघाडीवर होता आणि कम्युनिस्ट बरोबर होते. संप करण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. गिरणीतल्या माणसाला निदान संघटना होती. मजुरी वेळेवर देण्याचा १९३६ चा कायदा आला तो कारखाने आणि रेल्वे डोळ्यांपुढे ठेवून. सिनेमात काम करणारा माणूस कामगार आहे, हेच मुळी कुणाच्या मनात नव्हते. नटी तर नाहीच नाही. तिला गाडी, साड्या, टाळ्या मिळतात, मग पगाराची तक्रार कशाला, असा सूर. शांताबाईंनी संघटनेवाचून, एकटीने, फाटकाशी बसून आपण मजुरी घेणाऱ्या आहोत हे जाहीर केले.

उपोषण लवकरच सुटले. प्रभातशी त्यांचे नातेही तुटले. कथा-किश्शांत मात्र उरला तो तमाशा. नटी कशी बसली, काय नेसली होती, किती तापट होती, याचीच चर्चा. ती कशासाठी बसली होती हे सांगताना आजही अनेकजण घाई करतात.

शांताबाई तिथेच थांबल्या असत्या तर आम्हीही हा लेख लिहिला नसता. १९४० मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिले, ‘जाऊ मी सिनेमांत?’ सिनेमात शिरू पाहणाऱ्या तरुण-तरुणींच्या मनातला प्रश्नच त्यांनी नाव म्हणून घेतला. त्यात स्वतःची कौतुके नाहीत. सिनेमा हा कलेचा देव्हारा नसून भांडवलावर चालणारा धंदा आहे, त्यात माणसाचे शरीर राबते, झिजते, थकते, आणि त्या थकव्याचा फायदा दुसराच कुणी घेतो, असे त्यांनी मांडले आहे. तेव्हाच्या मराठी नटीने हे छापून प्रसिद्ध करावे याचे आम्हाला फार मोल वाटते. आपल्याकडे नटांच्या आठवणींची पुस्तके भरपूर आहेत, पण नटाच्या थकव्याचे अर्थशास्त्र सांगणारे पुस्तक विरळाच. मराठीच्या अभ्यासक्रमात ते असायला हरकत नव्हती.

प्रभात सुटल्यावर त्या बसून राहिल्या नाहीत. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’साठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. मग ‘जमीनदार’, ‘दुहाई’, ‘सुभद्रा’, ‘वाल्मीकि’, ‘स्वयंसिद्धा’. पुढे पुढे भूमिका लहान होत गेल्या. युद्धानंतर स्टुडिओंची पकड सुटली, एकेका चित्रपटापुरते निर्माते आले, महिन्याच्या पगाराची जागा हप्त्यांनी घेतली. शेवटचा हप्ता बुडणे हा धंद्याचा रिवाज झाला. शांताबाई २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत वारल्या. ज्या फाटकाशी त्या बसल्या होत्या, त्याच्या आत तोवर सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती.

त्यांच्या पाठीमागे, कॅमेऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला जे उभे असत त्यांचे काय? खिळे मारणारे सुतार, दिवे उचलणारे, स्पॉटबॉय, कपडे धुणारे, जेवण वाढणारे. नटीला निदान फाटकाशी बसता येते, वर्तमानपत्र दखल घेते. लाईटवाला बसला तर दरवान त्याला हुसकून लावील. या माणसांना कामगार म्हणून कायद्यात जागा मिळायला १९८१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या सिनेकामगार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला. कायदा कागदावर राहिला. पश्चिम भारतातल्या सिने कर्मचाऱ्यांच्या महासंघाला ऑक्टोबर २००८ मध्ये संप करावा लागला, तो थकलेली मजुरी आणि न संपणारे तास यांसाठीच. मुंबईतली चित्रीकरणे ठप्प झाली होती. मालिकांच्या धंद्यात तर ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत पडली. म्हणजे जानेवारीत राबायचे आणि चूल एप्रिलमध्ये पेटवायची. तीन महिन्यांत मालिका बंद पडली किंवा कंपनीने पाटी बदलली तर मागायचे कुणाकडे?

त्या मुलाला आम्ही युनियनच्या कचेरीत नेले. तिथल्या माणसाने वही पाहिली, पाळ्या मोजल्या आणि कराराचा कागद मागितला. कागद नव्हता. अर्ज मात्र लिहून दिला आहे, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून. निर्मात्याला बोलावणे गेले आहे.