लुळ्या पायांना मैदान देणारा डॉक्टर

डोणगाव : झाडावरून, विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडून मणका मोडला आणि पाय कायमचे लुळे पडले, की आता सगळे संपले, असे घरच्यांना वाटते. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही तसेच वाटे. हा समज डॉ. लुडविग गुटमन यांनी खोटा ठरवला.

३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील टोस्ट या गावी, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१७ मध्ये रुग्णालयात स्वयंसेवक असताना त्यांनी मणका मोडलेला एक तरुण खाणकामगार पाहिला. तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, त्याच्या नोंदी ठेवण्याचीही गरज नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पाच आठवड्यांत तो जंतुसंसर्गाने दगावला. तो चेहरा गुटमन विसरले नाहीत.

पुढे ते मज्जासंस्थेचे नामवंत डॉक्टर झाले. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये त्यांना कुटुंबासह इंग्लंड गाठावे लागले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी मणक्याच्या दुखापतींचा विभाग त्यांच्या हाती आला. असे रुग्ण मरतात ते मोडलेल्या मणक्यामुळे नव्हे, तर पाठीवर चिघळलेल्या जखमा आणि लघवीचा संसर्ग यांमुळे, हे त्यांनी ओळखले. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची आणि लघवीची नळी निर्जंतुक पद्धतीनेच घालायची, हा नियम त्यांनी कडकपणे पाळायला लावला. रुग्ण जगू लागले.

पण नुसते जगून भागणार नव्हते. खेळाने दंड-खांदे बळकट होतात, बसताना तोल सांभाळता येतो आणि मन उभारी धरते, म्हणून त्यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, व्हीलचेअरवरील १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा त्यांनी रुग्णालयाच्या आवारात घेतली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे मोजके माजी सैनिक आले आणि तेवढ्याशा चमूने ही स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोमला सुमारे ४०० खेळाडू जमले. तीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते.

भारताचा लहानसा संघ १९६८ मध्ये प्रथम तेल अवीवला गेला. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत पहिले आले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

१८ मार्च १९८० रोजी गुटमन यांचे निधन झाले. त्यांचा उपचार मात्र आजही घरोघरी करता येतो. अशा रुग्णाची कूस वेळेवर बदला, पाठ, माकडहाड आणि टाचा रोज तपासा, लघवी तुंबू देऊ नका. कातडी लाल दिसली किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि जखम भरली की त्याला खाटेवर ठेवू नका, अंगणात आणा.